मिकीचा पेंढा

अण्णांना जपानी रंधा हवा होता. चार वर्षं मी कोबेत राहतोय, तेवढ्या काळात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकमेव वस्तू. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात जन्मभर दारं-खिडक्या, पाळणे, देव्हारे, तिफणी करत आलेला हा माणूस. त्यांना यूट्यूबवर दिसलं की जपानी सुतार रंधा पुढे ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. "उलटं काम हाय सगळं," ते फोनवर म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "बघ बरं मिळतोय का एखादा. फार महागाचा नको."

ऑफिसात ज्याला विचारलं त्यानं एकच नाव सांगितलं, मिकी. कोबेच्या डोंगरापलीकडचं हत्यारांचं गाव. करवत, पटाशी, रंधा, गवंड्याची थापी आणि लहान सुरी, अशा तिथल्या पाच घडीव वस्तूंना १९९६ पासून सरकारनं पारंपरिक कारागिरी म्हणून मान्यता दिलेली आहे. एका शनिवारी शिनतेत्सुच्या गाडीत बसलो. डोंगर चढत, वळणं घेत, दर दोन-तीन मिनिटांनी थांबत जाणारी ती गाडी. मिकी-उएनोमारु नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरलो, तेव्हा कळलं की दुकानांच्या आधी वाटेत एक किल्ला आहे.

सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना त्याला किल्ला म्हणवत नाही. मिनो नदीच्या काठावरचं एक उंच टेकाड, वर बाग, झाडं, बाक. बुरूज नाही, तट नाही. 'कानकान-इदो' नावाची एक जुनी रुंद विहीर आहे. आत खडा टाकला की कानकान असा आवाज यायचा म्हणून ते नाव, असं सांगतात. एका बाजूला घोड्यावर बसलेल्या तरुणाचा पुतळा, आणि जवळच एका दगडावर कोरलेली पाच चरणांची कविता.

पुतळा बेश्शो नागाहारुचा. १५८० साली याच टेकाडावर त्यानं पोट फाडून घेतलं. वय २३, काही ठिकाणी २६ लिहिलेलं सापडतं. त्या दिवशी मी पुतळ्याचा फोटो काढला, कवितेचाही काढला आणि रंधा घ्यायला गेलो. त्याची गोष्ट मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळत गेली आणि ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

मिकी ज्या हारिमा प्रांतात येतं, तो मोक्याच्या आणि म्हणून वाईट जागी होता. पूर्वेकडून ओदा नोबुनागा पसरत येत होता, पश्चिमेला मोरी घराणं बसलं होतं, आणि या दोन जात्यांच्या मधे हारिमातली लहानमोठी घराणी. त्यांत बेश्शो सगळ्यात मोठे. नागाहारुचा बाप १५७० मध्ये वारला, तेव्हा पोरगा बारा-पंधरा वर्षांचा. कारभार आला दोन काकांकडे. एक योशिचिका, दुसरा शिगेमुने. मराठी माणसाला काका-पुतण्या आणि गादी हे तीन शब्द एका ओळीत दिसले की पुढचं सांगावं लागत नाही. इथे मात्र कुणी कुणाच्या अंगावर गारदी घातले नाहीत. दोन काकांची दोन मतं होती, एवढंच. शिगेमुनेचा कल ओदाकडे, योशिचिकाचा त्याच्या विरुद्ध. आणि मधे तो मुलगा.

१५७८ च्या सुरुवातीला नोबुनागाचा सेनापती हिदेयोशी काकोगावाला आला आणि हारिमातल्या सरदारांना त्यानं मसलतीला बोलावलं. बेश्शोंच्या वतीनं गेला योशिचिका. त्यानं लढाई कशी करावी याचं लांबलचक निरूपण केलं आणि हिदेयोशीनं 'तुम्ही पुढे होऊन लढा, बेत आखायला मी आहे' अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं, अशी गोष्ट सांगतात. जुन्या घराण्याचा माणूस आणि समोर शेतकऱ्याच्या घरातून वर चढलेला हिदेयोशी. अपमान झाला असेल तर तो केवढा झाला असेल याची कल्पना करता येते. अर्थात एका मसलतीतल्या टोमण्यानं प्रांत पेटत नाही. नागाहारुची बायको तानबाच्या हातानो घराण्यातली होती आणि ते घराणं ओदाशी लढत होतं. मोरींशी जुने धागे होते. ओसाकाच्या होंगान्जी मठाचे अनुयायी हारिमात गावोगाव होते आणि तो मठ नोबुनागाचा हाडवैरी. काहीही असो, बेश्शोंनी ओदाची बाजू सोडली. शिगेमुने काका मात्र ओदाकडेच राहिला. पुतण्या आणि एक काका तटाच्या आत, दुसरा काका वेढा घालणाऱ्यांत.

सुमारे साडेसात हजार माणसं टेकाडावर चढली असं सांगतात. सैनिक, त्यांच्या बायका, पोरं, आसपासच्या गावांतले मठाचे भाविक. हिदेयोशीनं तटाला शिड्या लावण्यात वेळ दवडला नाही. त्यानं आधी आजूबाजूचे छोटे किल्ले एकेक करून घेतले आणि मग मिकीभोवती चाळीसच्या घरात ठाणी उभारली. ठाण्यांना जोडणारे मातीचे बांध घातले. आजही त्या टेकड्यांच्या झाडीत हे बांध दिसतात, आणि २०१३ मध्ये किल्ल्याबरोबर त्यांनाही राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मला ही गोष्ट आवडली. वेढा पडलेल्यांचं स्मारक सगळीकडे असतं. वेढा घालणाऱ्यांनी ओढलेली माती जपून ठेवलेली क्वचित बघायला मिळते.

मोरी समुद्रातून तांदूळ आणत, किनाऱ्यावर उतरवत आणि डोंगरवाटांनी रातोरात आत पोचवत. हिदेयोशीनं त्या वाटा एकामागून एक बंद केल्या. वेढा इतका लांबला की त्याचा मसलतगार ताकेनाका हानबेई छावणीतच आजारानं गेला, १५७९ च्या उन्हाळ्यात, वय ३६. हिराई गावात त्याची समाधी आहे आणि भोवती द्राक्षाचे मळे. त्याच वर्षी शरद ऋतूत धान्य आत घालण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न झाला. हिरातापाशी दोन्हीकडची माणसं पडली आणि तांदूळ काही आत गेला नाही.

त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल फारसं काही लिहिलेलं नाही, आणि जे आहे ते एका दमात सांगून टाकतात. घोडे खाल्ले. मुळं खाल्ली, झाडांच्या साली खाल्ल्या. शेवटी पेंढा. भिंतींच्या मातीत कालवलेला, चिखल धरून ठेवावा म्हणून घातलेला भाताचा पेंढा. भिंती उकरून तो काढला आणि शिजवला.

जपानी भाषेत या वेढ्याला 'मिकीची होशीगोरोशी' म्हणतात. होशी म्हणजे सुकवणं, वाळवणं. गोरोशी म्हणजे मारणं. आपण कुरडया-पापड वाळत घालतो ना उन्हात, तसं माणसांना वाळत घालून मारलं.

१५८० च्या जानेवारीत वरचे भाग एकेक करून पडले आणि नागाहारु आतल्या शेवटच्या वाड्यात सरकला. तिथून त्यानं पत्र पाठवलं. मी, माझा भाऊ तोमोयुकी आणि काका योशिचिका, आम्ही तिघं मरतो. बाकीच्यांना जिवंत सोडा. हे पत्र ज्या दोघांच्या नावे होतं, त्यांतला एक बाहेरचा काका शिगेमुने. हिदेयोशीनं अट मान्य केली आणि आत दारूची पिंपं पाठवली. बावीस महिने ज्यांच्या तोंडचा दाणा तोडला त्यांना दारू. याला दिलदारी म्हणून लिहून ठेवलं आहे.

१७ तारखेला नागाहारु मेला. नोबुनागाच्या पदरच्या माणसानं लिहिलेल्या बखरीत त्या सकाळचं वर्णन आहे आणि त्यातलं एक वाक्य मी वाचलं त्या रात्री मला नीट झोप आली नाही. त्यानं तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतलं, डोळ्यांतलं पाणी आवरलं आणि मुलाला भोसकलं. मग बायकोला. मग स्वतःला. मियाके हारुतादा नावाच्या जुन्या सेवकानं त्याचं डोकं उडवलं आणि त्याच्यामागे स्वतःचं पोट फाडलं. तोमोयुकी, त्याची बायको, सगळ्यांनी मरणाआधी कविता लिहिल्या. तीन वर्षांच्या मुलाची अर्थातच कविता नाही.

नागाहारुची आहे. दगडावर कोरलेली ती हीच. 'इमा वा तादा, उरामी मो आराजी, मोरोबितो नो, इनोची नी कावारु, वागा मी तो ओमोएबा.' मला जमेल तसं मराठीत:

आता उरला नाही कसलाच डंख,
या सगळ्यांच्या जिवांऐवजी
हा माझा जीव जातो आहे
एवढं मनात आणलं की.

यातलं 'कावारु' हे क्रियापद मला रोज लागतं. ऑफिसात कुणासाठी आलेला फोन दुसऱ्यानं उचलला, मग मी हातात घेतला, की पहिलं वाक्य 'कावारिमाशिता'. म्हणजे आता त्याच्या जागी मी आलोय. रात्रपाळीला बदली माणूस येतो, त्यालाही हेच क्रियापद. कवितेत वाचेपर्यंत तो शब्द मला निव्वळ ऑफिसचा वाटत होता. या ओळीत साडेसात हजारांच्या जागी एक बदली माणूस उभा आहे.

आणि 'उरामी', तो डंख. सगळे धरून चालतात की डंख हिदेयोशीबद्दलचा. मला तसं वाटत नाही. शत्रूबद्दल डंख नाही हे कुणी मरताना मुद्दाम कशाला सांगेल? तो लढाईतला शत्रू, त्यानं त्याचं काम केलं. मला वाटतं ही ओळ घरातल्या कुणाला तरी उद्देशून आहे. पुराव्यानं सिद्ध करता येणार नाही, पण वाड्यात वाढलेल्या कुणाही पुतण्याला विचारा.

मराठी मन असल्या वेळी सरळ पन्हाळ्यावर जातं, माझंही गेलं. १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली रात्र. आमच्याकडेही एक बदली माणूस आहे, शिवा काशीद. पालखीत राजाच्या जागी बसला आणि राजाच्या जागी मेला. मग खिंडीत बाजीप्रभू. लाख मेले तरी चालतील पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे, हे वाक्य आम्ही चौथीपासून ऐकत आलो. त्यात काही खोट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही, कारण तो पोशिंदा जगला म्हणून पुढचं सगळं घडलं. पण मिकीच्या टेकाडावर पहिल्यांदा जाणवलं की आमच्या गोष्टीत बदली माणूस खालून वर जातो. इथे तो वरून खाली आला होता.

आणि राजानं निसटून जाण्याची जपानी गोष्टही इथून फार लांब नाही. मिकीला वेढा पडला त्याच वर्षी इतामीच्या आरिओका किल्ल्यातला आराकी मुराशिगे नोबुनागावर उलटला. त्यालाही वेढा पडला. १५७९ मध्ये एका रात्री तो मोजक्या माणसांनिशी किल्ल्याबाहेर सटकला, बायकापोरांना मागे ठेवून. नोबुनागानं मागे राहिलेल्यांपैकी सहाशेहून जास्त माणसं मारली. बायका वधस्तंभावर, बाकीचे घरात कोंडून जाळले. मुराशिगे जगला, चहाच्या समारंभातला जाणकार म्हणून पुढे मानही मिळाला. त्यानं स्वतःला 'वाटेवरची विष्ठा' असं नाव घेतलं होतं, अशी दंतकथा आहे. हे सगळं नागाहारुला कळलं असणार. पत्र लिहिताना त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या आणि एकीच्या टोकाला इतामी दिसत होतं.

म्हणून मी त्या पोराला नावं ठेवत नाही. पण त्याच्या मरणाची जी आरती होते तिच्यात टाळ्या वाजवायला माझे हात उठत नाहीत. कारण हिदेयोशीला ही रीत फार सोयीची पडली. पुढच्याच वर्षी तोत्तोरीत त्यानं हेच केलं. आसपासचा तांदूळ आधीच चढ्या भावानं विकत घेतला आणि मग वेढा घातला. शेवटी किक्कावा त्सुनेइएनं माणसांच्या जिवाच्या बदल्यात स्वतःचा जीव दिला. मरण्याआधी त्यानं आपल्या लहान मुलांना सोप्या अक्षरांत पत्र लिहिलं, 'दिवसरात्र दोनशे दिवस आम्ही तग धरला' असं. १५८२ मध्ये ताकामात्सुला हिदेयोशीनं बांध घालून किल्ला पाण्यात बुडवला आणि शिमिझु मुनेहारुनं होडीवर बसून पोट फाडलं. तीन वर्षांत तीन किल्ले. आधी भूक किंवा पाणी महिनोन् महिने फुकटात मारत राहतं, मग एक देखणं मरण येतं आणि हिशेबाची वही मिटते. पुढची साडेचारशे वर्षं लोकांना ते मरण आठवतं. पहिल्या महिन्यात कोण मेलं, दहाव्या महिन्यात कोण, त्याची नोंद कोण ठेवतो?

आणि ती माणसं तरी सुटली का? अलीकडच्या काही अभ्यासकांना शंका आहे. त्या काळातल्या पत्रव्यवहारावरून ते म्हणतात की किल्ल्यातले सैनिक नंतर मारले गेले असावेत. हे मी वाचलं तेव्हा 'कावारु' पुन्हा एकदा टोचला.

मिकीला मी दुसऱ्यांदा गेलो ते १७ जानेवारीला. कोबेत राहणाऱ्याला ही तारीख वेगळ्याच कारणानं पाठ असते. १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं, भूकंप, ६४३४ मृत्यू. दरवर्षी पहाटे हिगाशी-यूएन्ची बागेत कापलेल्या बांबूंमध्ये दिवे लावून १.१७ हे आकडे मांडतात आणि ५:४६ ला सगळे गप्प उभे राहतात. मीही राहतो. भूकंपानंतर लोकांनी एकमेकांना भाताचे मुटके करून वाटले, त्याची आठवण म्हणून हा दिवस जपानभर 'ओमुसुबीचा दिवस' म्हणूनही पाळतात. त्या वर्षी बागेतून निघालो आणि तसाच मिकीच्या गाडीत बसलो, कारण नागाहारुचं श्राद्धही त्याच तारखेला असतं. खरं तर ती जुन्या चांद्र पंचांगातली तारीख. पाश्चात्त्य कॅलेंडरनं तो दिवस २ फेब्रुवारीचा येतो. तिथी आणि तारीख यांचा घोळ आपल्याला नवा नाही.

उन्र्यूजी नावाच्या मंदिरात त्याच्या मस्तकाची समाधी आहे. डोकं आधी नोबुनागाकडे आझुचीला गेलं होतं, दाखवायला. श्राद्धाच्या दिवशी या मंदिरात आलेल्यांना उदोन खायला देतात. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया. पण इथे तो उदोन नसतो, तो पेंढा असतो. भिंतीतून उकरून काढलेला.

वाडगा हातात आला. वर वाफ, खाली माशाचं पाणी. शाकाहारी माणूस म्हणून जपानात आलो होतो, दुसऱ्याच वर्षी माशाच्या पाण्याशी तह केला. थंडी इतकी होती की बोटं वाडग्याला चिकटवून बसावंसं वाटत होतं. शेवया लांब, गुळगुळीत, काडीनं उचलल्या की निसटणाऱ्या. शेजारच्या आजी भुरका मारून खात होत्या, जपानी लोक खातात तसा आवाज करत. मी त्यांना विचारलं, पेंढ्याची आठवण आहे तर मग इतकं चविष्ट का करतात? त्या हसल्या. म्हणाल्या, "पेंढा कुणाला खाववेल?" आणि उरलेलं पाणी वाडगा तोंडाला लावून पिऊन टाकलं.

होकाइजी नावाच्या दुसऱ्या मंदिरात एप्रिलमध्ये या लढाईच्या चित्रांचे मोठाले पट उलगडून गोष्ट सांगतात, आपल्याकडे चित्रकथी सांगायचे तशी. तेही एकदा बघायचं आहे. पण मला वाटतं मिकीनं जे सगळ्यात नीट लक्षात ठेवलं ते या वाडग्यात आहे. कविता एका माणसाची आहे, पुतळा एका माणसाचा आहे. पेंढा सगळ्यांनी खाल्ला होता.

लढाईनंतर गाव ओस पडलं होतं. माणसं परत यावीत म्हणून हिदेयोशीनंच जागेचा सारा माफ केला. जळलेलं गाव बांधायला सुतार आले, सुतारांना हत्यारं हवीत म्हणून लोहार आले. शंभरेक वर्षांनी ती माफी जाणार असं दिसलं तेव्हा गावातली दोन माणसं जिवावर उदार होऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन दाद मागून आली आणि माफी टिकवली. त्यांच्याही नावाचा उत्सव आहे. पण ती निराळी गोष्ट. मला एवढंच सांगायचं होतं की अण्णांचा रंधा या सगळ्यातून आला.

गणपतीला गावी आलो तेव्हा तो त्यांच्या हातात दिला. अण्णांनी आधी पातं काढून उन्हात धरलं. मऊ लोखंडाच्या पाठीवर कडक पोलादाचा थर जोडलेला असतो, तो सांधा एका बारीक रेषेसारखा दिसतो. त्या रेषेवरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. पडवीत बसून मी त्यांना मिकीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. ते पातं दगडावर घासत ऐकत होते.

"पेंढा कशाचा म्हनलास?"

"भाताचा."

"भाताचा पेंढा आपल्याकडं गुरंसुद्धा तोंडात धरत न्हाईत. कडबा मिळाला तर बघत बी न्हाईत त्याच्याकडं." पुन्हा दगडावर दोन हात मारले. "आन् त्यो आतला काका? ज्यानं भांडन काडलं? त्यो बी मेला का पोराबरूबर?"

"त्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. डोकी शत्रूच्या हाती लागतील, त्यापेक्षा किल्ला पेटवू म्हणाला. मग त्याच्याच माणसांनी त्याला मारलं."

अण्णा काही बोलले नाहीत. पातं लाकडात बसवलं, हातोडीनं टिचक्या मारत बाहेर किती आलंय ते डोळ्यासमोर धरून पाहिलं. मग रंधा सागाच्या फळीवर ठेवला आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं पुढे ढकलला. अडला. रंधा उचलून फिरवला, फळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. थोडा आला, मधेच थांबला.

"सागावर न्हाई चालायचा ह्यो," ते म्हणाले. "त्येंच्याकडं मऊ लाकूड आसनार. आंब्याचा येखादा तुकडा आन आतनं."